आठ तारांच्या वाघमारे मॅडम

"वाघमारे मॅडम नशीबवान. तपासणी आली आणि नेमकी तेव्हाच कंपनीने बाहेरची इंटरनेटची लाइन वाढवून दिली. वेग आपोआप वाढला, नाव मात्र मॅडमचे झाले."

आमच्या महाविद्यालयाचे सचिव नानासाहेब यांनी मॅडमच्या शोकसभेत हे उद्गार काढले आणि सभेने माना डोलावल्या. संगणक कक्षाला मॅडमचे नाव द्यावे, असा ठराव मी मांडला होता. माना डोलल्या आणि ठराव 'पुढे पाहू' म्हणून बाजूला पडला. नानासाहेब माझे शाळेपासूनचे मित्र आहेत. म्हणूनच हे बोलणे खपवून घेण्याची सवलत त्यांना मी देणार नाही.

मॅडम मूळच्या पिंगळीच्या. पूर्णेच्या आमच्या महाविद्यालयात त्या भौतिकशास्त्र शिकवीत आणि संगणक कक्ष सांभाळीत. मी त्यांचा विभागप्रमुख होतो. उंचीने त्या बेताच्या होत्या, आवाजाने मुळीच नव्हत्या. कोणतीही केबल हाती आली की तिच्या टोकाचे, यंत्रात खोचायचे पारदर्शक बोंड त्या खिडकीच्या उजेडात धरीत, एक डोळा मिटीत आणि आतल्या रंगीत तारा ओठांतल्या ओठांत मोजीत. सोनाराने नथीतला मोती पारखावा, तशा. मध्येच कोणी "बरोबरच असेल हो" म्हणाले की त्या फटकारीत, "अंदाज पावसाचा सांगा, सर. यंत्राला इचारायचं, ते सांगतं."

आमच्याकडे ऑनलाइन परीक्षेचे केंद्र व्हावे, हा त्यांचा ध्यास होता. आसपासच्या खेड्यांतल्या मुलींना परीक्षेसाठी नांदेड गाठावे लागे. सोबत कोणी जायचे, मुक्काम कोठे करायचा, यावरून घरात वाद होई आणि 'राहू दे, पुढच्या वर्षी' म्हणून मिटे. "पुढच्या वर्षी लग्न उरकतेत तिचं," मॅडम म्हणत.

केंद्रासाठी अट अशी होती की, कक्षातल्या प्रत्येक यंत्राच्या केबलचा वेग पडद्यावर हजार एमबीपीएस दिसला पाहिजे. मॅडमनी पाहिले, तर ओळीने सगळीकडे शंभर.

"कंपनीला फोन लावा, लाइन वाढवून घ्या," नानासाहेबांनी फर्मावले.

"नाना, बाहेरची लाइन म्हणजे येलदरीचं धरण. हा आकडा आपल्या घरातल्या नळाचा हाय. हे यंत्र अन् सगळ्या केबली जिथं जातेत तो कोपऱ्यातला डबा, या दोघांतला. नळच बारीक असल्यावर धरणाला कशाला बोल लावायचा?"

मग त्यांनी एक बोंड उजेडात धरले. आत आठ तारा हव्यात, होत्या चारच. वायरमन रहीमभाईंची हयात टेलिफोनच्या खांबांवर गेली होती. टेलिफोनला दोन तारा पुरतात. त्या सवयीने त्यांनी एकेक केबल चिरून दोन-दोन यंत्रांत वाटून टाकली होती, आणि या काटकसरीबद्दल नानासाहेबांनी त्यांना शालही पांघरवली होती.

"चार तार बेकार पडे रहते, मॅडम. जाया कायको करना?" रहीमभाई म्हणाले.

"रहीमभाई, टेलिफोनवर एक माणूस बोलतो. इथं आख्खा बाजार बोलायलाय."

त्यांनी तेथेच केबलच्या दोन्ही टोकांची जुनी बोंडे कापली, शेजारच्या यंत्राकडे गेलेल्या चार तारा परत घेतल्या, आठही तारा रंगांच्या क्रमाने लावल्या, नवी बोंडे चिमट्याने दाबून बसवली आणि केबल एका यंत्रात खोचली. आम्ही सगळे पडद्यावर वाकलो. शंभर नाहीसे झाले आणि त्या जागी हजार उमटले.

मी हयातभर वीज शिकवली, फळ्यावर तिचे बाण काढले. परंतु त्या क्षणी माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तेच यंत्र, तीच खोली, भिंतीतून आलेली तीच केबल. शेजारी गेलेल्या चार तारा तेवढ्या घरी परतल्या होत्या आणि त्यांनी आपण आल्याचे आकड्यात सांगितले होते. ज्या गोष्टीचे मी आयुष्यभर वर्णन केले, ती या बाईंनी मला दाखवली. नुसते ऐकलेले गाव पहिल्यांदा डोळ्यांनी पाहावे, तशा मॅडम त्या आकड्याकडे पाहत राहिल्या.

"अन् शेजारचं यंत्र तोडलं त्याचं काय? अर्धी खोली बंद पडंल की अशानं!" नानासाहेब कडाडले.

"एका ताटात दोघं बसवले की पंगत मोठी दिसती, नाना. पोट कोणाचंच भरत न्हाई."

केबलचे नवे खोके त्यांनी स्वतः परभणीहून पॅसेंजरने, मांडीवर घेऊन आणले. रहीमभाई शिडीवर आणि त्या खाली, अशी सगळी खोली पुन्हा बांधली गेली. शेवटी-शेवटी तर रहीमभाईच प्रत्येक बोंड खिडकीपाशी नेऊन एक डोळा मिटू लागले. तपासणी झाली, केंद्र मिळाले आणि पुढे मुली सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतू लागल्या.

मॅडमना मी शेवटचा रुग्णालयात भेटलो. हात सुजला होता, आवाज क्षीण झाला होता. मी केंद्राचा विषय काढला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आकडा बघता ना अधूनमधून? का नुसतंच 'बरोबर असेल' म्हणता?" मी बघतो, असे सांगितले. आजही बघतो.

आता नानासाहेबांचे म्हणणे. कंपनीने लाइन वाढवली असेल. मी नाकारीत नाही. परंतु तपासणीच्या दिवशी पहाटे रेल्वे फाटकाजवळ रस्ता खोदताना बाहेरची केबल तुटली होती. तपासणी अधिकारी "बाहेरचे पुन्हा पाहू" म्हणून आतल्या यंत्रांकडे वळले आणि एकामागून एक हजार वाचीत गेले. त्याच वेळी व्हरांड्यात, साऱ्या महाविद्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात, स्वतः नानासाहेब फोनवर कंपनीला झापत होते, "सकाळपासून लाइन बंद हाय!"