बाजीरावाचा जलोदर

जनावरांचा डॉक्टर होऊन मी मुलुंडच्या घरी परतलो आणि चौथ्याच दिवशी माझ्या उपचाराखाली असलेला एक बोका बाळंत झाला.

आमचा दवाखाना घरातच होता. पुढच्या दोन खोल्यांत कुत्री-मांजरं, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. (कधीकधी उलटंही असायचं.) नाना, म्हणजे माझे वडील, मुलुंडातले जुने डॉक्टर. आई औषधं खलायची, पट्ट्या बांधायची आणि मधेच उठून आमटीला फोडणी द्यायची. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. मी कॉलेजात शिकून आलेला, त्यामुळे दोघांनाही आता जरा सुधारावं असा माझा विचार होता.

त्या दिवशी भांडुपच्या तबेल्यात म्हैस अडली म्हणून नाना सायकलवर टांग मारून निघाले. "कोणी आलं तर बसवून ठेव. काही करू नकोस," एवढं सांगून गेले. त्यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं.

दहाच्या सुमाराला सामंत मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, मूलबाळ नाही. घरात ते, मास्तरीणबाई आणि बाजीराव. हा बाजीराव त्यांच्या काखेत होता आणि त्याचं पोट भोपळ्याएवढं झालं होतं.

"दोन आठवडे फुगतोय," मास्तर म्हणाले. "भूक दुप्पट झालीय. आणि सारखा कपाटात शिरून बसतो."

मी नवाकोरा स्टेथोस्कोप पोटापर्यंत फिरवला. धडधड ऐकू आली. एक नाही, चार-पाच! हृदयाची इतकी वाईट अवस्था मी पुस्तकातही वाचली नव्हती.

"जलोदर," मी म्हणालो. "पोटात पाणी झालंय. हृदयही कामातून गेलंय. दुपारी सुई घालून पाणी काढतो, पण मनाची तयारी ठेवा." हे शेवटचं वाक्य म्हणायची मला कॉलेजपासून हौस होती.

मास्तर मटकन खाली बसले. ज्या माणसाने तीस वर्षं पोरांना रडवलं, तो धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागला.

आई दारातून बघत होती. "विजू, हा बोका नाही वाटत मला."

"आई, त्याचं नाव बाजीराव आहे."

"ते ऐकलं मी. शेपटी उचलून बघितलीस का?"

"आम्ही आधी हृदय बघतो."

आई आत गेली आणि जुनं लुगडं फाडून टोपलीत अंथरायला लागली. मला वाटलं, हरली.

बातमी आळीभर पसरली. दुपारपर्यंत ओटीवर पंधरा माणसं जमली. मास्तरीणबाई बाजीरावाची शेवटची इच्छा म्हणून बांगड्याचं कालवण घेऊन आल्या. त्याने सगळं संपवून ताटली चाटली. "जाताना तरी पोटभर जेवला," कोणीतरी म्हणालं. शेजारचे बर्वेकाका गीतेचा अध्याय म्हणायला लागले. मी आत जाऊन सुई उकळली आणि ती चिमट्यात धरून परत आलो, तर बाजीरावाला ठेवलेलं तपासणीचं टेबल रिकामं.

मी ओटीवर येऊन सांगितलं, "बाजीराव गेला."

मास्तरीणबाईंनी हंबरडा फोडला.

"तसा नाही हो, नुसता गेला," मी म्हणालो. पण आता कोण ऐकतंय? बर्वेकाकांनी आवाज चढवला होता.

तेवढ्यात आतून आईची हाक आली. "विजू, पाणी निघालंय बघ. चार निघालीत, अजून एक आहे."

आईची टोपली तशीच पडली होती. बाजीराव माझ्या ट्रंकेत शिरला होता आणि पदवीच्या फोटोसाठी शिवलेल्या माझ्या कोटावर पिल्लं चाटत पडला होता. पडली होती, म्हणायला पाहिजे. माझ्या हातातली सुई अजून गरम होती. ती कुठे घालायला निघालो होतो हे लक्षात आलं. मी ट्रंकेशेजारीच खाली बसलो.

मास्तर आत आले. पिल्लांकडे बघून आधी रडले, मग इतके हसले की त्यांना पाठीवर थोपटावं लागलं. त्याच वेळी नाना परतले. त्यांनी ट्रंक पाहिली, सुई पाहिली, मला पाहिलं.

"काही करू नकोस म्हणालो होतो."

"नाही केलं त्याने काही," आई म्हणाली. "तिनेच घाई केली म्हणून."

मास्तरांनी आळीत पेढे वाटले आणि पेढ्याबरोबर सगळी हकीकतही. तिचा परिणाम पुढच्याच सोमवारी दिसला. एक बाई आजारी पोपट घेऊन आली. मी स्टेथोस्कोप सावरत पुढे झालो.

"डॉक्टर आहेत का?"

"मीच डॉक्टर."

तिने पिंजरा चटकन मागे घेतला. "तुम्ही राहू द्या. तुमच्या आईंना बोलवता का?"

आई पदराला हात पुसत आली आणि पोपट तपासायला लागली. मी पिंजरा धरला. तो मी फार छान धरतो, असं नानांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझं कौतुक केलं.