बोरीचा निकाल मागे घेणारे सर

आपण स्वतः केलेल्या मोजणीवर विश्वास कधी ठेवावा आणि शंका कधी घ्यावी? इतकी वर्षे हेच काम करूनही मला याचे उत्तर देता येत नाही. मात्र आदरणीय ढगे सरांनी शंका घेतली तो दिवस मी जवळून पाहिला आहे. त्यांच्या साठीनिमित्त तोच सांगावासा वाटतो.

सर परभणीच्या आमच्या महाविद्यालयात संगणक शिकवतात. मी पोखर्णीची. वडील मेंढरे राखतात. घरात पदवी घेतलेली मी पहिली. पहिल्याच तासाला सरांनी चित्रे नाहीत, बटणे नाहीत, असा नुसता काळा पडदा उघडून दिला. इथे हवे ते लिहून मागायचे. माझा हात पुढे जाईना, तेव्हा ते म्हणाले, "लिही की गं. चुकलं तर कुरकुर करंल, चावणार न्हाई."

पुढे सरांनी जिल्ह्यातल्या गावोगावच्या अभ्यासिकांचे इंटरनेट मोजण्याचे काम हाती घेतले आणि मला सोबतीला घेतले. एक आज्ञा लिहिली की महाविद्यालयातून प्रत्येक गावाकडे छोटे संदेश जातात. ते परत यायला किती वेळ लागला, वाटेत किती हरवले, हे कळते. सगळ्या गावांना एकदम विचारायचे नाही, थोड्या थोड्या गावांच्या तुकड्या करायच्या, हा सरांचा दंडक.

एकदा माझे वडील मला भेटायला आले आणि खांद्यावर घोंगडी टाकून बाहेरच उभे राहिले. सर स्वतः जाऊन त्यांना आत घेऊन आले, आपल्या खुर्चीवर बसवले. "सोपानराव, वाड्यातून मेंढरं एकदम सोडता का?"

"एकदम? फाटकातच चेंगरतेल की, सर!"

"बास. तुमची पोरगी हेच काम करायलीय."

माझे काम काय, हे घरी त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

गेल्या वर्षी ऑनलाइन परीक्षेचे केंद्र कुठल्या गावांना द्यायचे, हे आमच्या मोजणीवर ठरणार होते. परीक्षा समितीला घाई होती. सरांनी तुकडी मोठी केली, अहवाल गेला आणि बोरी नापास झाली. बोरीच्या कितीतरी मुलींना परीक्षेसाठी परभणीला पाठवायला घरचे तयार नव्हते. गावात केंद्र नाही, तर त्यांची परीक्षाही नाही.

दुसऱ्याच दिवशी तिथल्या अभ्यासिकेतल्या सुनीताचा फोन आला. "सर, इकडं तर झकास चालायलंय. तुमी आमाला नापास कसं काय केलं?"

अहवालावर बोट ठेवून फोन ठेवता आला असता. सरांनी लहान तुकड्या करून पुन्हा मोजणी लावली. बोरीचा एकही संदेश हरवला नाही. गर्दी झाली होती ती आमच्याच महाविद्यालयाच्या लाइनीवर. बोरीची पाळी शेवटी, म्हणून फटका तिला बसला होता. सर म्हणाले, "सोपानरावांना सांगू नको बरं. मेंढरं फाटकात मीच चेंगरवली."

त्याच दुपारी ते समितीपुढे उभे राहिले. "चूक बोरीची न्हाई, माझी हाय. अहवाल परत द्या."

एक सदस्य हसले. "सर, साठीला आलात. आता कशाला स्वतःच्या हातानं नाव खराब करता?"

"साठीला आलो म्हणूनच घाई हाय," सर म्हणाले.

केंद्र बोरीला मिळाले. सुनीता आणि तिच्या मैत्रिणींनी आपल्या गावातच परीक्षा दिली. सरांची विद्यार्थिनी म्हणवून घेताना माझी मान त्या दिवसापासून आणखी ताठ झाली आहे.

सरांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, त्यांचा आवाज वर्गात असाच घुमत राहो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.

निवृत्ती जवळ आली म्हणून सरांनी मोजणीची जबाबदारी माझ्याकडे सोपवली. ती हाती येताच मी ठरवले की एखाद्या गावाचा निकाल एकट्या परभणीतून लागू नये. गेल्या रविवारी बोरीला जाऊन अभ्यासिकेच्या संगणकावर मोजणीचे साधन बसवले. पहिली आज्ञा सुनीताने लिहिली. आता बोरीची मोजणी बोरीच्या मुली करतात, आणि त्यांची सही असल्याशिवाय आमचा अहवाल पुढे जात नाही.