पटातलं लिंबू

देवीचा माझ्यावर कोप झाला की कृपा, हे मला बरेच दिवस ठरवता आलं नाही. तेव्हा कापसाला सोन्याचा भाव आला होता. फाटक्या पासोडीतून वर आलेला मी, अमरावतीत अडत्या झालो आणि इतरांसारखी शर्यतीच्या बैलांची जोडी घेतली. अकोल्याकडच्या शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, निघताना अंबादेवीपुढे उभा राहून सगळ्यांदेखत सौदा केला: जोडी पहिली आण, चांदीचा मुखवटा घडवतो.

पटात माझी जोडी पुढे होती. अर्ध्या वाटेवर माझ्या हाकणाऱ्याला मातीतून वर आलेलं, शेंदूर फासलेलं लिंबू दिसलं. त्यानं भिऊन कासरा ओढला. उजवा बैल, पाखऱ्या, तोंडावर पडला तो उठेचना. शेजारून पळणाऱ्या जोडीचा मालक, एक पाटील, जिंकला.

मी पंचांवर धावून गेलो. ते हसले. "पटात सारंच चालते, शेठ." पाटील फेटा बांधता बांधता म्हणाला, "तुमी देवीले नवस केला, म्या लिंबू पुरलं. दोघायनंबी जितासाठीच केलं ना? मंग राग काहून?"

माझा राग आणखी चढला. पाखऱ्याजवळ बसून मी देवीलाच शिव्या घालू लागलो. घागर घेतलेली एक म्हातारी थांबली.

"कोणाले बोलून राहिला रे बाप्पा?"

"देवीले."

"तिले मंग बोल. पह्यले याले पाणी पाज. तो काई जिताले नोता आला."

तिनं ओला पदर त्याच्या डोळ्यांवर धरला. मी तिच्या घागरीतलं पाणी त्याला पाजलं, त्याचे पाय चोळत राहिलो. बऱ्याच वेळानं पाखऱ्या फुरफुरला आणि उभा राहिला. मी वळून पाहिलं तर म्हातारी नव्हती. गावात कोणी तिला ओळखलं नाही. ती कोण, हा वाद मी घालत नाही.

लिंबू पुरणं ही लबाडीच, हे मी आजही भर पटात सांगेन. पण देवीशी भाव करून तिला आपल्या बाजूला ओढणं, यात तरी कसली इमानदारी? बैलाला ना लिंबू कळत होतं, ना नवस. पळणं तेवढं त्याचं, आणि पडणंही त्याचंच. मी मागितलं ते मिळालं नाही. मागायचं सुचलंच नव्हतं ते तिनं उभं करून दिलं.

आता गाभाऱ्यात काही मागत नाही. हात जोडतो, पाटलावरचा राग तिच्या पायाशी ठेवतो. पायऱ्या उतरेपर्यंत तो पुन्हा माझ्या मागे आलेला असतो. त्याचं काय करायचं, तेही आता तिच्यावरच सोडलं आहे.