कुशाबाची पेटीची खोली

पौडच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी कुशाबाचं घर होतं. शेती बेताची, पण कान असा की दहा कोसांत दुसरा सापडू नये. मुंबईला बाजाच्या पेट्यांच्या एका दुकानात चार वर्षं काढून, बाप गेल्यावर तो गावी परतला, तो एक वेड घेऊनच. कुठल्या भजनी मंडळाची पेटी भसाडी झाली की हा ती उचलून आणणार, एकेक सूर घासून लावणार, आणि वर पैसा घेणार नाही. त्याची बायको रत्नाबाई म्हणायची, ‘‘मी खोकले तर ऐकू येत न्हाई. पेटी खोकली का उठून बसतुया!’’

पण मुळशीचा पाऊस म्हणजे पेटीचा वैरी. चार महिने पट्ट्या फुगतात, भात्याचा सरस सुटतो. म्हणून अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात कुशाबानं घराला लागून असलेल्या छपरातली बैलगाडी बाहेर काढली आणि छपराची खोली करायला घेतली. कारवीचे दुहेरी कूड उभे केले, मध्ये वीतभर जागा सोडली आणि तिच्यात भाताचं तूस ठासून भरलं. उंदीर-वाळवी लागू नये म्हणून तुसात निर्गुडीचा पाला मिसळला. दोन्ही अंगांनी शेणामातीचा जाड लेप दिला, वर गोणपाटाचं छत ताणलं. आत असं ऊबदार आणि कोरडं झालं की गाव बघायला आलं. गाडी मात्र बाहेर आंब्याखाली भिजायला मोकळी.

कारवी डोंगरावरून आणून दिली ती म्हसू धनगरानं. त्या छपरात त्याचाही जीव अडकलेला होता. रानातून येताना पावसानं गाठलं तर तो शेळ्या याच छपरात घालायचा, बापाच्या वेळेपासून. बदल्यात लेंडीखत कुशाबाच्या शेतात पडायचं.

‘‘मंग आता आमच्या शेळ्या?’’ म्हसूनं विचारलं होतं.

‘‘हाक मार की. दार उघडीन,’’ कुशाबा म्हणाला होता.

श्रावणातली गोष्ट. रत्नाबाई माहेरी गेलेली. गोकुळाष्टमीच्या भजनासाठी गावची पेटी कुशाबानं खोलून ठेवली होती. झाकणाच्या सांध्यांना नुकताच सरस लावलेला, आणि एक सूर काही केल्या जुळत नव्हता. दुपारी बाहेर पाऊस झोडपायला लागला आणि दारावर थाप पडली.

‘‘कुशाबा, दार उघडा! शेळी वाटंतच व्यायली. करडं गारठल्यात!’’

कुशाबाचा हात थांबला. दार उघडलं तर ओली हवा आत येणार, सरस वाळायचा नाही, शेळ्या पेटीत पाय घालणार. एवढा एक सूर लागू दे, मग उघडतो, असं म्हणून त्यानं पुन्हा भाता हलवला. दुसरी हाक आली, तिसरी आली. आता उघडलं तर इतका वेळ काय करत होता म्हणून म्हसू विचारेल, या लाजेनं तो जागचा हलेना. लाजेपायी लाजिरवाणं वागणारी माणसं असतात, त्यातला हा. थोड्या वेळानं हाका थांबल्या.

दोन्ही करडं वर म्हसूच्या वाडीला पोचेपर्यंत मेली.

सकाळी म्हसू वाटेत भेटला. कुशाबा सबब जुळवायला लागला. पण म्हसूच म्हणाला, ‘‘तुमास्नी ऐकू कुटनं यावं? कूड लई जाड हाय.’’ कुशाबानं नुसती मान हलवली. केसाएवढा फरक ओळखणारा कान, आणि त्या कानाच्या धन्यानं आपण बहिरे होतो म्हणून मान हलवली!

अष्टमीला पेटी गोड वाजली. लोकांनी त्याच्या कानाची तारीफ केली, तेव्हा त्याला मान वर करवेना. आपण हलकट आहोत, दुसरं काही नाही, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. चार दिवस जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी तो डोंगर चढून म्हसूच्या दारात गेला.

‘‘म्हसू, त्या दिशी मी ऐकलं हुतं.’’

म्हसू दावं वळत बसला होता. त्यानं हात थांबवला नाही. ‘‘ठाव हाय. मी हाक मारली तवा आतला सूर थांबला. मंग पुन्ना लागला, बारीक.’’

‘‘मंग तूच कसं म्हनलास, कूड जाड हाय म्हनून?’’

‘‘काय म्हनायचं मंग? शेळ्या त्याच वाटंनं न्यायच्या हायेत. खोटेपना तोंडावर मारला असता, तर तुमी मला बघून वाट बदलली असती. पुढच्या पावसात दार कुनी उघडायचं?’’

कुशाबाला वाटलं, यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठायला लागला, तोच म्हसूच्या बायकोनं, तुकाबाईनं, चहाची कपबशी पुढं ठेवली. शेळीच्या दुधाचा दाट, पांढरा चहा.

‘‘घ्या. सध्या दूध लई हाय,’’ ती म्हणाली.

ते का जास्त आहे, हे त्याला कळलं. चहा कढत होता. तो संपेपर्यंत त्याला तिथंच बसावं लागलं.