तळ्याकडच्या बायांचे शब्द

आमच्या करडी गावाकडे धानाच्या रोवणीला बाया दोन गटांत गातात. धुऱ्याकडच्यांची, म्हणजे बांधाकडच्यांची, ओळ संपायच्या आत तळ्याकडच्या आपली वेगळीच ओळ उचलतात. गाणं थांबलं की हात थांबतात, म्हणून ही रीत. दोन्ही गटांतली एकेक म्हातारी समोरासमोर बसवून मी ते गाणं थेट कॉम्प्युटरवर लिहिलं. मजकूर टाइप केला की स्वरलिपी छापून देणारा प्रोग्राम होता. त्यात प्रत्येक आवाजाला त्याचे शब्द वेगळे जोडून द्यावे लागतात. मला ते जमेना. दोघींचे शब्द एकमेकांवर चढून छापले जायचे. गाण्यांची पुस्तिका काढायची घाई होती. शिकून घ्यायचं सोडून मी तळ्याकडचे शब्द पुसले, नुसते सूर ठेवले. बायांचा आवाज दाबतात म्हणून गावोगाव पत्रकं वाटणारा मी!

पुस्तिका घेऊन गेलो तोवर धुऱ्याकडची म्हातारी वारली होती. तळ्याकडच्या मावशीला सुनेनं पानं वाचून दाखवली.

“माह्या बाजूले काहून काहीच नाही रे? मी का मुकी होती?”

“मावशी, सांगा ना, आता लिहून घेतो.”

“एकटीले कसं आठवन? तिकडून आवाज आला का मंग निघते तोंडातून.”

मग धुऱ्याकडची ओळ पुस्तिकेत बघून मीच म्हटली. मावशीनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

“शाळेतली कविता म्हनून राहिला का? ती अशी नव्हती म्हनत.”

मी पुन्हा म्हटली. पाच वेळा म्हटली. पाचव्यांदा मावशी माझ्याकडे बघतही नव्हती. सुनेला म्हणाली, “चहा मांड त्याच्यासाठी. दमला असन.”