आत्याचा कणमापक

उपग्रहाच्या कंट्रोल रूममध्ये तिला सगळे आत्या म्हणत. कामाला चोख, तोंडाने फटकळ. उपग्रहावरचा कणमापक तिच्या ताब्यात होता आणि त्याला ती तळहाताच्या फोडासारखं जपे. वर अवकाशात खळबळ वाढली, कणांचा मारा सुरू झाला, की मापक बंद. नियम आकड्यांनी धोक्याची रेषा ओलांडल्यावर बंद करण्याचा होता. आत्या रेषा लांबून दिसली तरी बंद करी. नवरा म्हणे, "पोटच्या पोरांना कधी एवढं जपलं नाहीस!" तेही खोटं नव्हतं. बरोबरीच्या उपग्रहांचे मापक केव्हाच जळून गेले होते, हिचा मात्र ठणठणीत. त्याचा तिला कोण अभिमान!

मग नव्या संशोधक बाई आल्या. जुने आलेख टेबलावर पसरून त्यांनी विचारलं, "आत्या, खळबळीच्या आधीचं सगळं आहे, नंतरचंही आहे. मधलं कुठाय?"

"मधे बंद असतो तो. जळू द्यायचा होता का?"

बाईंनी न चिडता समजावलं. सूर्याकडून येणारा विद्युतभारित वायू पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळून घुसळतो, त्यात भोवरे उठतात, हे आत्याला ठाऊक होतं. पण त्या भोवऱ्यांचे धक्के खातखात काही कण एवढे वेगवान कसे होतात, हेच बघायला तर मापक वर धाडला होता. गर्दीत रेटले सगळेच जातात, पण एखादाच त्या रेट्यावर पुढे निसटतो. तो कसा निसटतो, हे गर्दीत शिरल्याशिवाय कळणार कसं?

आत्या आलेखांतल्या कोऱ्या जागांवरून बोट फिरवत राहिली. राखण करता करता आपण त्याला त्याचं कामच करू दिलं नव्हतं.

रेषा ओलांडली तरी मापक चालू ठेवण्याची परवानगी बाईंनी वरिष्ठांकडून काढली. पुढच्या वेळी भरदुपारी आकडे चढू लागले, तसा आत्याचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला.

"आत्या, राहू दे ना," बाई म्हणाल्या.

"कळतंय हो मला!" ती खेकसली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. आकड्यांनी रेषा ओलांडली. मापक मोजत राहिला, मोजत राहिला, आणि गप्प झाला. पुन्हा पुन्हा कमांड पाठवूनही उत्तर आलं नाही.

बाईंनी आलेख काढला. भोवऱ्याच्या ऐन मध्यावर वेगवान कणांची रेघ ताडकन वर गेलेली होती. आजवर तिथे नुसती कोरी जागा असायची.

"हुशार निघाला की," आत्या म्हणाली, "आणि मी त्याला इतकी वर्षं कोंडून ठेवला."

मग मात्र तिला रडू आवरेना.