हळद लावलेल्या खुंट्या

नव्या शहराच्या खुंट्यांचा तो तपास आठवला की आजही हातातलं काम थांबतं. मी अधिकारी नव्हते. झरी जामणी भागातल्या एका ठाण्यात झाडलोटीला होते, आता निवृत्त आहे. महिला शिपाई रजेवर असली की बाईचा जबाब घेताना साहेब मला शेजारी बसवायचे. म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. कोणाचं नाव लिहीत नाही.

सरकारने आमच्याकडे संशोधनाचं नवं शहर ठरवलं होतं. प्रयोगशाळा, कॉलेज, कारखाने. ठाण्यात दुसरा विषयच नव्हता. हवालदार म्हणायचे, आता आपलं ठाणंही दोन मजली होणार. मोजणीवाले येऊन शहराच्या हद्दीवर लाल रंगाच्या लाकडी खुंट्या ठोकून गेले. आठवड्याभरात त्यांची तक्रार आली, सात खुंट्या जागेवर नाहीत. शासकीय कामात अडथळा म्हणून गुन्हा दाखल झाला.

साहेबांना वाटलं, शहराला विरोध करणाऱ्यांचं काम. तशा दोघांना बोलावून विचारपूस केली, हाती काही लागलं नाही. मग खबऱ्याने सांगितलं की खुंट्या नाल्यापलीकडे कोलाम आदिवासींच्या पोडामागे, म्हणजे वस्तीमागे, आहेत आणि पोडातल्या एका बाईला त्याने सकाळी मोगरी घेऊन जाताना पाहिलं.

पथक गेलं आणि खुंट्या न घेताच परत आलं. सातही खुंट्या पोडामागे ओळीने ठोकलेल्या. प्रत्येकीला हळदकुंकू, बुडाशी ज्वारीचे दाणे आणि सुपारी. करणी आहे म्हणून एकाही शिपायाने हात लावला नव्हता. नुसते फोटो काढून आणले.

बाईला दुपारी ठाण्यात आणलं. तासभर ती जमिनीकडे बघत बसली. करणी करायला कोणी सांगितलं, हे साहेबांनी चार वेळा विचारलं. धमकावूनही पाहिलं. गुन्हा उभा राहिला तर तिला कोर्टाच्या वाऱ्या कराव्या लागणार, हे दिसत होतं.

मी तिला पाणी द्यायला उठले तेव्हा टेबलावरचे फोटो दिसले. इतक्या वर्षांत साहेबांसमोर मी "हो जी"पलीकडे बोलले नव्हते.

"साहेब, करणी नाही जी हे. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ रोवतो ना, तवा असंच करतो आपण."

हवालदार म्हणाले, "घ्या, आता तपास बी हिच्याचकडं द्या."

साहेब हसले नाहीत. महिन्यापूर्वीच त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं. फोटो पुन्हा हातात घेऊन त्यांनी बाईला शांतपणे विचारलं, "बाई, कोणाचं लग्न होतं?"

तिने मान वर केली.

"सिटीचं. म्या उपटल्या नाही साहेब, सरकवल्या. सिटी नाल्यापाशीच थांबून राह्यली होती, आमचं पोड बाहेर. पोरगी बारावी झाली, कॉलेज दूर म्हून घरी बसली. दोनशे पावलं तं सरकवल्या."

ज्या शहराच्या शत्रूला आम्ही शोधत होतो, ते शहर सगळ्यांत जास्त तिलाच हवं होतं.

साहेबांनी मोजणीवाल्यांना नकाशा घेऊन बोलावलं. नकाशात नाल्यापलीकडे नुसतं जंगल होतं, एक घर नव्हतं. पोडात जाऊन कोणी विचारलंच नव्हतं. साहेबांनी तिला समजावलं की हद्दीच्या आत आलात तर उद्या घरंही उठवतील. ती म्हणाली, "उठवाले आले तं भांडू. आधी कागदावर तं दिसू द्या."

साहेबांनी जबाब तिच्याच शब्दांत लिहून घेतला, गुन्हा बंद करण्याचा अहवाल पाठवला आणि पोडाबद्दल तहसीलदारांना वेगळं पत्र लिहिलं. खुंट्या मात्र परत द्याव्या लागल्या. तिने त्या स्वतः डोक्यावरून नेल्या.

काही महिन्यांनी फेरमोजणी लागली. मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बघायला गेले. रेघ या वेळी पोडाला आत घेत वळसा घालून गेली, नकाशात घरं आली. शहर अजून उभं नाही, मुरमाचा रस्ता आणि एक फलक एवढंच आहे. पोडाचं पुढे काय होईल, मी सांगू शकत नाही.

कोणी सरकारी वस्तूला हात लावला की आधी त्याला काय हवं ते विचारावं, एवढं मी त्या खोलीत शिकले.

फेरमोजणीच्या त्या दिवशी मोजणीवाल्याने पहिली खुंटी उभी धरली, मोगरी उचलली आणि थांबला. बाईकडे बघून म्हणाला, "मावशी, हळद आणली ना?"

तिच्या हातात वाटी तयारच होती.